रुमालबाबू रोटोरुआत

रेणूनं गाडी लावली, तेव्हा यादोराव बहेकारांनी नाकाला रुमाल लावलेला होता. जवळपास कुठेतरी संडासाची टाकी फुटली असणार, असं त्यांचं मत झालं होतं, आणि या विषयातलं त्यांचं मत सहसा चुकत नसे. आमगावच्या पंचायत समितीत, पाणी आणि स्वच्छतेच्या टेबलावर त्यांनी एकोणतीस वर्षं काढली होती. टाकी फुटली, शोषखड्डा भरला की नाली तुंबली, हे ते वीस पावलांवरून सांगत.

"टाकी नाही फुटली, बाबा," रेणू म्हणाली. "या गावचा वासच असा आहे. जमिनीतून गंधकाची वाफ येते."

"अन् लोक राहतात इथं?"

"राहतात म्हणजे काय, पिढ्यान् पिढ्या राहून राहिले."

यादोराव खाली उतरले. रस्त्याच्या कडेला, कुंपणाच्या आतल्या बागेत, गवतामधून पांढरी वाफ वर येत होती. फुटपाथलगतच्या नालीच्या जाळीतूनही येत होती. एक बाई तान्ह्या पोराची गाडी ढकलत त्या वाफेतून आइस्क्रीम खात चालली होती. वास नुसता नाकात थांबत नव्हता, जिभेवर बसत होता. सडक्या अंड्याचा वास, असं रेणूनं वाटेत सांगितलं होतं; पण यादोरावांना अंड्याची आठवण झाली नाही. हा वास त्यांनी पूर्वी घेतला होता. कुठे, हेही त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांनी तिकडे मन जाऊ दिलं नाही. त्यांनी रुमालाची घडी बदलली आणि कापराची वडी नाकाशी आणली.

आमगावात लोक त्यांना मागून रुमालबाबू म्हणत. पांढरा, इस्त्रीचा रुमाल, आत कापूर, आणि तो खिशात कमी नि नाकावर जास्त. गुड मॉर्निंग पथकाच्या दिवसांत पहाटे शिट्टी घेऊन खेड्यापाड्यांत जावं लागे, उघड्यावर बसलेल्यांना उठवावं लागे. बाकीचे कर्मचारी त्यात हसून घेत. यादोराव घरी येऊन दोनदा आंघोळ करत. बसमध्ये शेजारच्यानं तंबाखूच्या खर्र्याची पिचकारी मारली, तर ते उतरून पुढच्या बसची वाट पाहत. कुणाच्या घरचं पाणी त्यांना चालत नसे. आपल्या या किळसेची त्यांना कधी लाज वाटली नाही. उलट, तीच आपली लायकी आहे असं त्यांना वाटे. बाकीचे लोक घाणीत लोळतात आणि आपल्याला ती दिसते, एवढाच फरक.

रेणू त्यांची एकुलती एक मुलगी. गोंदियाला नर्सिंग केलं, मग पाच वर्षांपूर्वी न्यूझीलंडला आली आणि समुद्रकाठच्या एका शहरात म्हाताऱ्यांच्या सेवागृहात कामाला लागली. तिथं ती नेमकं काय काम करते, ते यादोरावांनी आमगावात कुणाला सांगितलं नव्हतं. "मोठ्या दवाखान्यात आहे," एवढंच सांगत. परक्या म्हाताऱ्यांचे डायपर बदलणं, त्यांच्या जखमा धुणं, हे त्यांना स्वतःच्या मनातही नीट उच्चारता येत नव्हतं. महिन्याभरासाठी ते लेकीकडे आले होते. तिच्या घरी जेवताना पहिले तीन दिवस त्यांचं लक्ष तिच्या बोटांवरच जात होतं.

आजची सहल रेणूनं ठरवली होती, आणि ती नुसती सहल नव्हती. सेवागृहात तिच्याकडे तामा नावाचा, तिथल्या मूळ माओरी लोकांतला एक म्हातारा होता. मागच्या जूनमध्ये तो गेला. त्याची धाकटी बहीण हुइया या रोटोरुआतच, वाफाळत्या जमिनीवरच्या माओरी वस्तीत राहत होती आणि येणाऱ्या पाहुण्यांना वस्ती दाखवायचं काम करत होती. तुझे वडील आले की घेऊन ये, असं तिनं रेणूला तीनदा फोन करून बजावलं होतं.

हुइया वस्तीच्या वेशीवर, लाकडी कमानीखाली उभी होती. सत्तरीची, रुंद खांद्यांची बाई. हनुवटीवर हिरव्या-काळ्या रेघांचं गोंदण. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या हातापायांवर असतं तसं, पण हे थेट तोंडावर. तिनं रेणूला जवळ घेतलं. दोघींनी कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावलं आणि डोळे मिटून क्षणभर तशाच राहिल्या. मग हुइया यादोरावांकडे वळली, दोन्ही हात पुढे करून.

इथं असंच भेटतात, श्वासात श्वास मिसळतात, हे रेणूनं गाडीत समजावून सांगितलं होतं. यादोरावांनी तेव्हा मान हलवली होती. आता मात्र त्या बाईचं रुंद नाक आणि ओले ओठ त्यांच्या तोंडाकडे यायला लागले, तशी त्यांची पावलं आपोआप दोन फूट मागे गेली. एका हातानं नाकावरचा रुमाल तसाच दाबून धरत त्यांनी दुसरा हात छातीशी नेला. नमस्कार धड झाला नाही. पोलिसानं अडवल्यावर माणूस हात वर करतो, तसं काहीतरी झालं.

हुइयाचे हात हवेत राहिले. मग तिनंच ते जोडले, हसून मान लववली आणि पुढे चालायला लागली. रेणूनं बापाकडे पाहिलं नाही, आणि पुढचा अर्धा तास पाहिलं नाही.

त्या अर्ध्या तासात यादोरावांनी जे जे पाहिलं, त्या सगळ्याची त्यांना शिसारी आली. चिखलाचं एक तळं होतं. करडा, दाट चिखल आपोआप उकळत होता. एकेक फुगा सावकाश वर येई, फुगे, आणि फट् करून फुटे. गोऱ्या पोरी त्याचे व्हिडिओ काढत होत्या. यादोरावांना भरलेल्या शोषखड्ड्याचं झाकण उघडल्यासारखं वाटलं. पुढे खडकातून गरम पाण्याचा फवारा घराच्या उंचीइतका उडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि वाऱ्यानं त्याचे तुषार यादोरावांच्या चष्म्यावर आले. त्यांनी चष्मा काढून पाच वेळा पुसला. एका हौदात अनोळखी माणसं ओळीनं पाय सोडून बसली होती. सगळ्यांचे पाय एकाच पाण्यात. त्याच्यापुढचं तर त्यांना बघवेना: निळ्याशार, खदखदत्या कुंडात जाळीच्या पिशवीत मक्याची कणसं सोडली होती. हुइयानं ती वर ओढली, लोणी लावलं आणि पाहुण्यांना वाटली. लोक बोटं चाटत होते. सडका वास येणाऱ्या पाण्यात शिजवलेलं अन्न माणसं पैसे देऊन खातात, आणि आपण आमगाव तालुक्यात एका हातपंपाचं पाणी पिवळं आलं म्हणून तो सील करत होतो.

मग मांडवात नाच झाला. बाप्ये उघड्या अंगानं, छाती बडवत, डोळे वटारत, हनुवटीपर्यंत जीभ बाहेर काढत पुढे आले. घामाचा वास पहिल्या रांगेपर्यंत येत होता. यादोराव पहिल्या रांगेत होते. त्यांना सालेकसा भागातली गोंडांची नाचणारी मंडळी आठवली. महोत्सवासाठी त्यांना ट्रॅक्टरमधून आणत, मंत्र्यांसमोर नाचवत, आणि मग मांडवामागे जेवणाची पाकिटं देत. यादोरावांकडे पाण्याच्या टँकरची जबाबदारी असे. तहानलेले नाचणारे टँकरभोवती गर्दी करत, तेव्हा ते त्यांच्या घामाच्या वासानं लांब जाऊन उभे राहत.

"आपल्याकडेही नाचवतात असे," ते रेणूला म्हणाले. अर्ध्या तासातलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

"इथं कोनी नाचवत नाही," रेणू समोर पाहतच म्हणाली. "जमीन त्यायची आहे. आपन पाहुने आहो."

दुपारी हुइयानं त्यांना घरी नेलं. घर वस्तीतच होतं, पत्र्याच्या उतरत्या छपराचं, साधं. मागच्या अंगणात जमिनीत लाकडी पेटी पुरली होती, आणि तिच्यात खालच्या वाफेवर जेवण शिजत होतं. रेणूनं आधीच सांगून ठेवलं असावं, कारण यादोरावांसाठी वेगळ्या टोपलीत, मांसाचा स्पर्श न झालेले बटाटे, रताळं आणि भोपळा होता. हुइयानं ती टोपली स्वतः त्यांच्यासमोर ठेवली, वेगळी थाळी दिली आणि थाळी कोरी आहे हे दोन्ही बाजू फिरवून दाखवलं. यादोरावांनी एक बटाटा घेतला. सालं काढली. खूप जाड काढली. उरलेला तुकडा तोंडाजवळ नेला, तसा तो वास पुन्हा आला, आणि त्यांनी तुकडा थाळीच्या कडेला ठेवला.

हुइया तामाबद्दल बोलत होती. यादोरावांना तिचं इंग्रजी निम्मं कळत होतं, निम्मं रेणू सांगत होती. तामाला साखरेचा आजार. पाय सडत गेला. आधी बोटं कापली, मग घोटा, आणि वरची जखम तरी भरेना. शेवटी वास एवढा सुटला, की सेवागृहातले इतर म्हातारे तक्रार करायला लागले, आणि कामावरची माणसं दोन-दोन मास्क लावून खोलीत जात, दोन मिनिटांत बाहेर येत. हुइयाला वाईट याचंच वाटे, की तामाला ते दिसत होतं. ही तुमची पोरगी मात्र, ती म्हणाली, खुर्ची ओढून बसायची. सकाळ-संध्याकाळ जखम धुवायची, आणि तोंड जरासुद्धा वाकडं करायची नाही. तामा तिला एकदा म्हणाला, तुला नाक नाही का? तर ती म्हणाली, आहे की, तुमच्यापेक्षा छोटं आहे.

हुइया हसली. मग तिनं रेणूला विचारलं, हे तू कुठं शिकलीस? कॉलेजात तर असं शिकवत नाहीत.

रेणूनं पाण्याचा घोट घेतला. "माझ्या आईला तोंडाचा कॅन्सर होता," ती इंग्रजीत म्हणाली. "अडीच महिने ती घरीच होती. माझे वडील तिचं सगळं करायचे. त्यांचं पाहून शिकले."

एवढं इंग्रजी यादोरावांना पूर्ण कळलं.

हुइयानं टेबलावरून हात पुढे केला आणि यादोरावांचा हात आपल्या हातात घेतला. तिचा हात लोण्यानं तेलकट होता. ती काहीतरी हळू आवाजात म्हणाली, आभाराचं. यादोरावांनी हात सोडवून घेतला नाही. त्यांना आता किळस येत होती ती त्या हाताची नव्हती.

त्यांची बायको सुलोचनाबाई बारा वर्षांच्या होत्या तेव्हापासून दातांना तंबाखूचा गुडाखू घासत. यादोरावांना त्याचा तिटकारा. लग्नानंतर त्यांच्यासमोर त्यांनी कधी डबी काढली नाही, पण सुटलीही नाही. गालाच्या आत गाठ झाली, नागपूरला नेलं, कापलं, किरणांचे शेक दिले. वर्षानं गाठ पुन्हा आली, आणि गाल बाहेरून फुटला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मागच्या खोलीत खाट टाकली. रेणू तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. ती घरी येऊन राहिली, आणि चोरखमाऱ्याहून सुलोचनाबाईंची मोठी बहीण रुख्माबाई आल्या. यादोराव धावपळ करत होते. कापूस, पट्ट्या, फिनेल, नागपूरची महाग औषधं, काही कमी पडू दिलं नाही. सगळं आणत आणि खोलीच्या उंबऱ्यावर ठेवत. उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही. पहिल्या आठवड्यात एकदा प्रयत्न केला होता. तो वास नाकात शिरला, आणि ते अंगणात जाऊन भडभडा ओकले. त्यानंतर ऑफिसात कामं निघत गेली. जिल्ह्याच्या बैठका निघत गेल्या. अडीच महिने असे गेले. तेरवीला आलेले लोक म्हणाले, बाबूनं बायकोची लई सेवा केली. यादोरावांनी खाली मान घालून ते ऐकून घेतलं. सात वर्षं ऐकून घेतलं.

जेवणानंतर हुइया त्यांना तामाला भेटायला घेऊन गेली. ती 'भेटायला' असंच म्हणाली. वस्तीच्या टोकाला, पांढऱ्या छोट्या चर्चच्या बाजूला, थडगी होती. सगळी जमिनीच्या वर, पांढऱ्या सिमेंटच्या पेट्यांसारखी. खाली खणलं तर वाफ येते, जमीन तापलेली, म्हणून इथं माणसाला जमिनीत ठेवता येत नाही, असं रेणूनं सांगितलं. थडग्यांच्या मधल्या भेगांमधूनही वाफ निघत होती. हुइया एका नव्या थडग्यापाशी थांबली, त्याच्यावर हात ठेवला आणि घरात कुणी बसलेलं असावं तशी बोलायला लागली. रेणूकडे बोट दाखवून काही म्हणाली. मग यादोरावांकडे.

तिनं सांगितलं, तामाला सेवागृहातून आणलं आणि तीन दिवस सभाघरात ठेवलं. पेटी उघडी. त्याला क्षणभरही एकटं सोडलं नाही. येणारे रडत होते, गाणी म्हणत होते, जुन्या भांडणांवरून त्याला शिव्याही देत होते, आणि प्रत्येकानं वाकून त्याच्या नाकाला नाक लावलं.

यादोरावांनी बराच वेळ ऐकलं. मग ते रेणूला म्हणाले, "तिले विचार. वास?"

"बाबा."

"विचार तू."

रेणूनं खालच्या आवाजात विचारलं. हुइयाला प्रश्नाचा राग आला नाही. आता दवाखान्यातून औषधं भरून आणतात, ती म्हणाली, त्यामुळे फारसा येत नाही. पण तिची आजी गेली तेव्हा उन्हाळा होता, आणि असलं काही नव्हतं.

"वास यायचा," रेणूनं भाषांतर केलं. "ती म्हणते, यायचा. मग काय?"

यादोराव त्या बाईकडे पाहत राहिले. तिच्या चेहऱ्यावर उपदेश नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं की यात पुढे विचारण्यासारखं काय आहे. त्यांनी नाकावरचा रुमाल काढला, कारण त्याच्या आडून जे बोलायचं ते बोलता येत नव्हतं. सडलेला, उबट वास एकदम घशापर्यंत आला. डोळ्यांत पाणी आलं.

"नो," ते म्हणाले. कचेरीतलं मोडकं इंग्रजी त्यांनी शोधून शोधून आणलं. "माय वाइफ. डॉटर डिड. हर सिस्टर डिड. आय वॉज आउटसाइड. टू अँड हाफ मंथ, आउटसाइड."

रेणू त्यांच्याकडे पाहत होती. हुइयानं काही विचारलं नाही. 'असू दे' म्हणाली नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. तिनं मान हलवली, ऐकल्याची. मग ती फाटकाकडे निघाली. तिथं नळाखाली एक भांडं होतं. बाहेर पडताना हात धुवायचे असतात, ती म्हणाली. तिनं आपल्या हातावर पाणी घेतलं, रेणूच्या हातावर घातलं, मग यादोरावांनी हात पुढे केले, त्यांच्यावरही घातलं. निरोप घेताना तिनं हात जोडले. यादोरावांनीही जोडले, या वेळी दोन्ही.

परतीच्या वाटेवर दोन्हीकडे उंच झाडांचं जंगल होतं. यादोरावांनी विचारलं, "खोटं काऊन सांगितलं तू तिले?"

रेणूनं गाडीचा वेग कमी केला, पण थांबवली नाही. "आईनं सांगून ठेवलं होतं. बोलता येत होतं तेव्हाच. म्हने, कोनी विचारलं तर सांगजो, बाबानंच केलं सारं. तिच्यासमोर शपथ घेतली मी."

यादोरावांनी मांडीवरच्या रुमालाची घडी उलगडली.

"सात वर्षं सांगून राहिली मी. मावशा आल्या, त्यायले. मैत्रिनींले. दर वेळी तोंड कडू होते माझं, बाबा. तामाच्या पायानं कधी नाही झालं, पन हे सांगताना होते." ती थोडी थांबली. "मी इतक्या दूर काऊन आली, तुमी कधी विचारलंच नाही."

"आता विचारतो."

"आता राहू द्या," रेणू म्हणाली. आवाजात राग होता, पण जुना, वापरून मऊ झालेला. रस्त्यावर पाऊस भुरभुरायला लागला. तिनं वायपर सुरू केले, आणि घर येईपर्यंत दोघं पुढचा रस्ता पाहत बसले.

मार्चमध्ये यादोराव आमगावला परत आले. शेजारपाजारचे परदेशाचं ऐकायला जमले. त्यांनी फवाऱ्याचं सांगितलं, चिखलाचं सांगितलं. रेणू काय काम करते, तेही सांगितलं, डायपरसकट. लोकांनी लगेच तिकडच्या हवामानाबद्दल विचारलं.

चौथ्या दिवशी ते सकाळच्या गाडीनं गोंदियाला गेले, तिथून तिरोड्याला, आणि काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन चोरखमाऱ्याला उतरले. तलावाच्या पाळीला लागून रुख्माबाईंचं घर. पंचाहत्तरीची म्हातारी अंगणात बसून लाखोरी डाळ पाखडत होती. धाकट्या बहिणीचा नवरा, तिचा जवाई, न सांगता आलेला पाहून तिनं पदर सारखा केला, आत कुणालातरी पाणी आणायला सांगितलं, आणि मग आठवून म्हणाली, की तुमाले तर आमच्या घरचं पानी चालत नाही. यादोरावांनी गडू घेतला आणि पाणी प्यायलं. गडूला राखेचा वास होता. तो त्यांना लागला. लागायचा थांबला नव्हता.

मग त्यांनी सांगायला आलेलं सांगितलं. सुलोचनेजवळ मी बसलो नाही, लोकांनी नाव घेतलं ते फुकटचं घेतलं. एवढं एक वाक्य जुळवायला त्यांना आमगाव ते चोरखमारा एवढी वाट पुरली नव्हती.

रुख्माबाईंनी सूप थांबवलं नाही. "आमाले मालूम हाय, जवाई. साऱ्या आमगावाले मालूम हाय."

"मग तेरवीले लोक..."

"ते सांगून गेली होती. मरनाऱ्या बाईची गोठ कोन मोडन?" त्यांनी तूस फुंकून उडवलं. "घरोघरी जाऊन मीच सांगून आली लोकायले, असंच म्हना म्हनून."

यादोराव अंगणातल्या बाजेवर बसले. म्हणाले, की मी दाराशी आलो, की ती भिंतीकडे तोंड करी. शेवटपर्यंत रागावलेली होती माझ्यावर, तो राग बरोबरच होता.

"राग नव्हता ते," रुख्माबाई म्हणाल्या. "फुटलेला गाल तुमच्याकडे येऊ नये, वास येऊ नये, म्हून कूस बदलवे. लय दुखे तिले तेवढ्यानं. तरी बदलवे. अन् तुमी बाहेरून आले का मले हातानं खुनवे, तुमच्या आंघोळीचं पानी ठेव म्हने."

तलावाकडून वारा येत होता, तुसाचे कण यादोरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसत होते. त्यांनी ते झटकले नाहीत. त्यांनी विचारलं, जखम कशी होती. रुख्माबाईंनी एकदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग, बोथट हत्यारानं लाकूड तोडावं तसं, सांगायला लागल्या. गालाला रुपयाएवढं छिद्र. पाणी पाजलं, की त्यातून बाहेर गळायचं. दुसऱ्या महिन्यात जखमेत किडे झाले. पांढरे, तांदळाच्या कणीएवढे. रेणू टरपेंटाईनचा बोळा लावी, ते वर येत, मग चिमट्यानं एकेक काढायचे. एका दुपारी चाळीस काढले. सुलोचना हूं की चूं करत नसे, फक्त रुख्माबाईंचं मनगट धरून ठेवी...

यादोराव उठले. घरामागच्या सांदवाडीत कुंपणापर्यंत पोचायच्या आत त्यांना ओकारी झाली. सकाळचा चहा, पोहे, सगळं गेलं; मग नुसते उमाळे येत राहिले. बराच वेळ ते बाभळीच्या खांबाला धरून उभे राहिले. कोंबड्या जवळ यायला लागल्या, त्यांना त्यांनी हाकललं. रांजणातलं पाणी घेऊन चूळ भरली, तोंड धुतलं, ओकलेल्यावर माती लोटली, आणि परत येऊन बाजेवर बसले.

"बस झालं, जवाई," रुख्माबाई म्हणाल्या. "तुमाले जमत नाही."

"पुढचं सांगा."

"कायले?"

"सांगा तुमी. शेवटच्या दिवसापर्यंत सांगा."

रुख्माबाईंनी सूप बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले. ऊन अंगणातून सरकून पायरीवर आलं होतं, त्यांनी पाय सावलीत ओढून घेतले.

"सोमवार होता त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "सकाळी तिनं थोडी पेज घेतलीन."